भामरागडचे मैदान आणि घरचा संघ

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या नाताळापासून एकच प्रश्न मला निरनिराळ्या मंडळींतून येतो आहे. ‘भामरागडच्या मुलांसाठी आम्ही फुटबॉल पाठवू का?’ कोणाकडे नातवंडांचे बूट पडून आहेत, कोणी तरुण संघातर्फे जर्सी शिवून द्यायला तयार आहे. प्रश्न प्रेमाचा आहे, म्हणून मला मिळालेली सगळी वेळ मी त्यालाच देतो. उत्तर ‘हो’ असेच आहे. पण चेंडूच्या आधी मैदान, आणि मैदान म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते ते मैदान नव्हे.

आधी मापे सांगतो. आंतरराष्ट्रीय सामन्याचे फुटबॉल मैदान कमीत कमी १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद लागते. म्हणजे दीड एकराहून थोडी जास्त जागा, तीही सपाट, दगड-खुंट काढलेली. व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर पुरतात. कबड्डीचे मैदान १३ बाय १०. नुसत्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर एका फुटबॉल मैदानात व्हॉलीबॉलची एकोणचाळीस मैदाने बसतील. आमच्या भागात गावोगाव नेट का बांधलेली दिसते आणि गोलपोस्ट का दिसत नाही, त्याचे निम्मे उत्तर इथेच आहे. दोन बांबू रोवले, नेट नसेल तर दोरी ताणली, की सहा-सहा जणांचा खेळ सुरू.

उरलेले निम्मे उत्तर जमिनीच्या कागदात आहे. भामरागड तालुक्यात जिकडे पाहाल तिकडे जंगल, आणि जंगलाची जमीन कोणत्याही कामासाठी वळवणे सोपे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने एक वाट ठेवली आहे. ग्रामसभेची शिफारस असेल आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तोडावी लागत नसतील, तर गावाच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जागा मिळू शकते. त्या सोयींची तेरा कलमी यादीच कायद्यात आहे. शाळा आहे, दवाखाना आहे, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, रस्ता, समाजमंदिरसुद्धा आहे. खेळाचे मैदान मात्र नाही. म्हणजे ते शाळेच्याच जागेत बसवायचे. एका हेक्टराचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पुऱ्या फुटबॉलला दिला, तर वर्ग, वसतिगृह, स्वयंपाकघर आणि संडास कुठे बांधणार? कोणताही मुख्याध्यापक हा हिशेब मनातल्या मनात करतो आणि व्हॉलीबॉलचे नेट मागवतो. त्याचे काही चुकत नाही.

तिसरी गोष्ट पावसाची. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या भामरागडला मिळतात. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि आलापल्लीकडचा रस्ता बंद पडतो, हे तिथल्या माणसांना वर्षानुवर्षे अंगवळणी पडले आहे. आता पाहा, शाळकरी फुटबॉलची देशातली नावाजलेली स्पर्धा म्हणजे सुब्रतो चषक. ती १९६० पासून चालू आहे. तिच्या खालच्या पातळीवरच्या फेऱ्या बहुधा पावसाळ्यातच उरकतात. ज्या दिवसांत मुलांनी गडचिरोलीला जायचे, त्याच दिवसांत त्यांच्यापुढे पुराचे पाणी. वेळापत्रक लिहिणाऱ्याला पर्लकोटा ठाऊक नसते.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग फुटबॉलचे नावच काढू नका. मला तसे वाटत नाही. जगात लहान गावांनी यावर आधीच तोड काढलेली आहे. अमेरिकेत लहान गावाचा जीव हायस्कूलच्या संघात असतो. त्यांचा फुटबॉल वेगळा, हाताने धरून पळण्याचा, पण गावाचे वेड तेच. शुक्रवारी संध्याकाळी सामना असला की दुकाने ओस पडतात. तरी तिथेही अशा शाळा होत्या, जिथे अकरा मुले जमत नव्हती. १९३४ साली नेब्रास्कातल्या हेब्रन गावी स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने सहा जणांचा खेळ बसवला, मैदानही आखूड केले. आजही टेक्सासमधल्या लहान शाळा तो खेळतात. ‘आमच्याकडे मुले कमी’ म्हणून संघ मोडण्याऐवजी त्यांनी खेळच शाळेच्या मापाचा करून घेतला.

एवढे दूर जायचे नसेल तर नागपूरला या. हिस्लॉप कॉलेज आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने ते १८८३ मध्ये सुरू झाले. गोंड लोकांची भाषा आणि गाणी टिपून ठेवणारे हेच हिस्लॉप १८६३ मध्ये पावसाळ्यात ओढा ओलांडताना बुडून वारले, हेही काहींना ठाऊक असेल. त्याच कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन २००१ च्या सुमारास फुटबॉल सुरू केला. पुढे त्यांच्या कामातून मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. त्या विश्वचषकाचे मैदान किती? २२ बाय १६ मीटर. एका बाजूला गोलरक्षक धरून चौघे. व्हॉलीबॉलच्या दोन मैदानांपेक्षा थोडी जास्त जागा झाली की काम भागले. एवढी जागा तर भामरागडच्या शाळेच्या मागेही निघेल.

आता ‘घरचा संघ’ या शब्दाकडे येतो, कारण माझ्या मते खरी उणीव तिथे आहे. आश्रमशाळांच्या स्पर्धा होतात, नाही असे नाही. आधी प्रकल्पस्तर, मग विभागस्तर, मग राज्यस्तर. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, हँडबॉल, धावणे. भामरागडला स्वतंत्र प्रकल्प कार्यालय आहे, त्याच्या वर नागपूर विभाग. पोलीस दलही वीर बाबूराव शेडमाके आणि बिरसा मुंडा यांच्या नावांनी कबड्डी-व्हॉलीबॉलचे सामने भरवते. पण मूल जसजसे वरच्या पातळीवर जाते तसतसे ते गावापासून लांब जाते. ज्या आईने पाच-सहा वर्षांची पोर वसतिगृहात सोडली, तिने आपल्या लेकीला खेळताना कधी पाहिलेलेच नसते. प्रमाणपत्र घरी येते, ते मराठीत असते, घरी बोलतात माडिया. मग ते पत्र्याच्या पेटीत जाते.

आश्रमशाळेची जुनी दुखणी आपण दरवर्षी ऐकतो. दिवाळीच्या सुटीत गेलेली मुले लवकर परतत नाहीत, दहावीच्या आसपास मुली गळतात. हेमलकशाला १९७६ मध्ये लोकबिरादरीची शाळा सुरू झाली तेव्हा तिथेही मुले टिकवणे सोपे नव्हते. मैदान हा यावरचा रामबाण उपाय आहे असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो, की शाळेत पालकांना बोलावले की ते दाराशी बिचकून उभे राहतात, आणि मैदानाच्या कडेला मात्र कोणी न सांगता बसतात. तिथे त्यांना वाचता येते की नाही हे कोणी विचारत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांची माणसे तशीही भामरागडला येतात. त्या दुपारी शाळेच्या मैदानावर एक सामना ठेवा, मुलींचा आधी ठेवा. दुसरा खर्च काही नाही.

इथे एक तक्रार करून घेतो. ‘जंगलातली मुले जन्मजात खेळाडू असतात’ हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरूनही ऐकू येते. ते कौतुक नाही, ती सबब आहे. जन्मजात असेल तर मग मैदान कशाला, चांगले जेवण कशाला? १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार जयपालसिंग मुंडा हे रांचीच्या मिशन शाळेत शिकले होते. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भारताची कर्णधार अष्टम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. त्या भागात गावागावांत फुटबॉल चालतो, जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून बोकड मिळतो, आणि अख्खे गाव तो सामना पाहायला जमते. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुले २०१८ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोहोचली, तीही महिनोन्‌महिने कसून तयारी करून. रक्तात काय आहे ते मला माहीत नाही. पायाखाली काय आहे ते पाहता येते.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी मागणी साधी आहे. पुढच्या वर्षी चषक, पदके आणि बॅनर यांवरचा खर्च थांबवावा. त्या पैशातून मैदानाला उतार काढून कडेने चर खणावा, म्हणजे पाणी साचणार नाही. वर मुरूम टाकून रोलर फिरवावा. चुन्याची फक्की मुलेच मारतील. हे काम दिवाळीनंतर, धान निघाल्यावर करायचे, तेव्हा मजूर मिळतात आणि जमीनही दबते. पण त्याआधी शाळेशी आणि ग्रामसभेशी बोलणे झालेच पाहिजे. जागा त्यांची आहे, आपण पाहुणे.

आणि ज्यांना चेंडू पाठवायचेच आहेत त्यांनी चार नंबरचा पाठवावा. लहान मैदानाला तोच बरा, आणि दहा-बारा वर्षांच्या पायांनाही. बूट नकोत. एकाला मिळाले आणि तिघांना नाही, की संघ तिथेच मोडतो. चेंडूसोबत हवा भरायचा पंप हवा, आणि सुया दोन-तीन तरी द्या, कारण सुई पहिल्याच आठवड्यात मोडते आणि मग नवाकोरा चेंडू पुढच्या बाजारापर्यंत तसाच पडून राहतो.