वायर कोणी लावली?

(कुंभवली येथे बचत गटांच्या व कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



हुंडा, मारहाण, रेशन यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी वायरींबद्दल बोलणार आहे. हसू नका, पगाराचाच प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आपल्या गटातली एक मुलगी इथल्या एमआयडीसीतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर कामाला होती. टेबल आवरताना तिला एका वायरीचं सुटं टोक लोंबताना दिसलं. निघालं असेल, म्हणून तिने ते स्विचमध्ये खोचलं. स्विच म्हणजे जिथे सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी येतात ती पेटी. थोड्याच वेळात सगळं नेटवर्क बंद! गेटपास निघेना, बिलं निघेनात. संध्याकाळी निकाल लागला, "पोरींना वायरीला हात लावू दिला की असंच होणार." दोन दिवसांचा पगार कापला. ती घरी बसली.

मी समाजकार्य शिकले, इंजिनिअरिंग नाही. पण तिची बाजू मांडायची तर झालं काय ते कळायला हवं होतं. म्हणून विचारत विचारत शिकले.

गावात आवई कशी उठते? एकीने दोघींना सांगितलं, त्या दोघींनी चौघींना, आणि फिरून ती पहिलीकडेच आली. तिला वाटलं नवीन बातमी, तिने पुन्हा सांगितली. स्विचचंही तसंच. 'सर्वांसाठी' आलेला निरोप तो आलेली वाट सोडून बाकी सगळ्या वाटांनी पाठवतो. त्या वायरीचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. झालं वर्तुळ! निरोप बाहेर पडला, परत आत आला, पुन्हा बाहेर. इथरनेटच्या निरोपावर तो किती वेळा फिरला याची मोजदाद नसते, त्यामुळे तो आपोआप थांबत नाही. काही क्षणांत या फेऱ्यांनीच सगळ्या वाटा भरून जातात.

यावरचा उपाय एका बाईने शोधला. रेडिया पर्लमन. १९८५ साली त्या अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. त्यांची युक्ती अशी. स्विचनी आपसात निरोप पाठवून एक प्रमुख ठरवायचा. प्रत्येकाने त्याच्याकडे जाणारी सर्वांत सोयीची वाट चालू ठेवायची. ज्या वाटेने वर्तुळ होतं ती बंद करायची, पण तोडायची नाही, राखून ठेवायची. चालू वायर तुटली की राखीव उघडते. झाडासारखी रचना, फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत. म्हणून नाव 'स्पॅनिंग ट्री'. १९९० साली ती प्रमाण पद्धत झाली. वाट बदलायला आधी तीस ते पन्नास सेकंद लागत. २००१ च्या सुधारित पद्धतीने ते काम फार लवकर होऊ लागलं. एक गंमत सांगते. प्रमुख कोण हे कोणी लक्ष घालून ठरवलं नाही, तर एखादा जुना, मंद स्विचच प्रमुख होऊन बसतो. हे आपल्याला काही नवीन नाही!

मग दोन वायरी कधीच चालत नाहीत का? चालतात. २००० साली त्याचीही प्रमाण पद्धत आली. दोन-चार वायरींची मोळी बांधून ती एकच वायर मानायची. एक तुटली तर बाकीच्या भार उचलतात. एक संभाषण एकाच वायरीने जातं, म्हणजे निरोपांचा क्रम बिघडत नाही. त्यामुळे एकट्याचं काम दुप्पट वेगाने होत नाही, पण अनेकांची कामं वाटली जातात. अट एकच, दोन्ही टोकांनी ही मोळी मान्य केली पाहिजे. एकाच टोकाने मानली तर घोटाळा होतो.

नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकॉनेस या मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क असंच कोसळलं. ते वाढत वाढत इतकं पसरलं होतं की वर्तुळं टाळणारी व्यवस्थाच अपुरी पडली. काही दिवस डॉक्टर-नर्स कागदावर काम करत होते. तिथल्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांनी ते लपवलं नाही, चारचौघांत सांगितलं, म्हणजे इतरांनी शिकावं. पुरुषांच्या हाती वायरी दिल्या म्हणून असं झालं, असं कोणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

एवढं समजून घेऊन आम्ही चौघीजणी त्या ऑफिसात गेलो. तीनच प्रश्न विचारले. हा स्विच वर्तुळ ओळखणारा आहे का? सुट्या वायरीवर चिठ्ठी होती का? कशाला हात लावायचा नाही, हे हिला कधी सांगितलं होतं? स्विच साधा, स्वस्तातला निघाला. त्यात ही सोयच नव्हती. चिठ्ठी नव्हती. सांगितलं कोणीच नव्हतं. कापलेला पगार परत मिळाला. माफी मिळाली नाही, आणि ती मुलगी पुन्हा तिथे गेली नाही.

तुमच्या मुली, सुना अशा ऑफिसांत जातात. त्यांना एवढं सांगा, की अनोळखी वायर खोचू नका, आधी विचारा. आणि खोचली गेलीच, तर मान खाली घालून घरी येऊ नका. एका वायरीने सगळं बंद पडतं अशी व्यवस्था कोणी ठेवली, हे आधी विचारा. विचारायला एकटीने जाऊ नका. आम्हाला हाक मारा.