बाटलीचा रुपया आणि पैसा फंडाचा वारसा
(मावळातील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



१९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत जमविलेला तो निधी. लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते, आणि परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याच्या उभारणीचे तांत्रिक काम पाहिले. काचसामानासाठी देश परक्यांवर अवलंबून असताना मावळाने देशी कारागीर घडविले, आणि तेही लोकांच्या पैशातून.

त्याच मावळात आज बाटली हे संकट झाले आहे. पावसाळा लागला की भुशी धरण, लोहगड आणि पवनेचा काठ पर्यटकांनी फुलून जातो. ते परततात तेव्हा पाण्याच्या, शीतपेयांच्या आणि मद्याच्या बाटल्या मागे राहतात. फुटलेली काच भातखाचरात उतरली, तर चिखलणीला उतरलेल्या शेतकऱ्याचा आणि बैलाचा पाय कापतो. त्या बाटलीवर ज्याने नफा कमावला, त्याच्या हिशेबवहीत या जखमेची नोंद कोठेही होत नाही.

लोणावळा नगरपरिषदेने एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात २०२१ साली देशात दुसरा व २०२३ साली तिसरा क्रमांक मिळविला. हा गौरव सफाई कामगारांच्या श्रमाचा आहे. परंतु स्वच्छता आणि कचऱ्याची घट या दोन भिन्न गोष्टी आहेत. रस्त्यावरून उचललेला कचरा नाहीसा होत नाही, तो शहराच्या डेपोत, म्हणजे कोणत्या तरी गावाच्या शेजारी, जाऊन पडतो.

कचरा मुळात निर्माणच होऊ नये, वस्तू पुन्हा वापरात यावी आणि तेही शक्य नसेल तेव्हाच ती वितळवून नवी घडवावी, या विचाराला आज चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. नाव नवे आहे, व्यवहार जुनाच. सोडावॉटरची बाटली दुकानात परत जात असे. दुधाची रिकामी बाटली दिल्यावरच भरलेली मिळत असे. हे चक्र ग्राहकाच्या बेशिस्तीने मोडले, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. बाटली परत आणण्याचा, धुण्याचा आणि साठविण्याचा खर्च कंपनीने वाचविला व तो नगरपरिषदेच्या माथी मारला. उत्पादकाने न सोसलेला असा खर्च समाजाला भरावा लागतो, हे पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच सविस्तर मांडले होते. नफा खाजगी आणि घाण सार्वजनिक, हे त्याचे साध्या मराठीतील रूप.

उपाय अज्ञात नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर एक-दोन रुपयांच्या परतीच्या ठेवीची तरतूद केली होती. ती व्यवहारात रुजली नाही. याउलट तामिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, २०२२ पासून मद्याच्या बाटलीवर दहा रुपये अधिक घेऊन रिकामी बाटली आणून देणाऱ्यास ते परत दिले जाऊ लागले. बहुसंख्य बाटल्या परत आल्या. निलगिरीही डोंगराळ आणि पर्यटकांनी गजबजलेला प्रदेश आहे. मग तेथे जे साधले ते लोणावळ्यात का साधू नये?

दुकानदार म्हणतील, बाटल्या ठेवायला जागा नाही. ती अडचण खरी आहे. म्हणून परतीची केंद्रे रेल्वे स्थानक, एस.टी. स्थानक आणि गडांच्या पायथ्याशी असावीत, आणि त्यांचा खर्च उत्पादकांनी द्यावा.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. बाटलीला किंमत आली की ठेकेदार धावून येईल, आणि आजवर तीच बाटली वेचून पोट भरणारी स्त्री बाहेर फेकली जाईल. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ साली करार केला. कचरावेचक हा दयेचा विषय नसून कामगार आहे, हे त्या चळवळीने सिद्ध केले. मावळातील परतकेंद्रे अशाच कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे असली पाहिजेत. कोणी मागायला न आलेल्या ठेवीची रक्कम कंपनीच्या तिजोरीत न जाता त्यांच्या आरोग्य व निवृत्तिवेतन निधीत जमा व्हावी.

तेव्हा मागणी तीन कलमांची आहे : प्रत्येक बाटलीवर परतीची ठेव, संकलनाचा खर्च उत्पादकावर, आणि संकलनाचा अधिकार कष्टकऱ्यांच्या सहकारी संस्थेला. ग्रामसभांनी तसे ठराव करावेत, नगरपरिषदेने ते शासनापुढे ठेवावेत आणि कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी गावोगाव जाऊन लोकमत जागे करावे. एका पैशाच्या संघटित बळावर ज्या भूमीत कारखाना उभा राहिला, तेथे एका रुपयाच्या ठेवीसाठी लढा उभा करणे अशक्य नाही.