वेबसाइटवरची पुणेरी पाटी

आजचा भाग छोटा आहे आणि त्यातली चूक माझीच आहे.

माझी मावशी सदाशिव पेठेत घरूनच दिवाळीचा फराळ करून विकते. गेल्या वर्षी मी तिला वेबसाइट करून दिली. एकदम चकाचक! स्लायडर, ॲनिमेशन, नेटवरून उचललेले चकल्यांचे फोटो. लोक यायचे, चिवडा कार्टमध्ये टाकायचे आणि पैसे भरायच्या पानावरून परत जायचे. दिवाळी दहा दिवसांवर आली, भाजणी दळून तयार, आणि ऑर्डरी? फक्त नऊ.

मग कोथरूडच्या एका काकूंचा फोन आला. नंबर त्यांना ओळखीतून मिळालेला. म्हणाल्या, "साइट बघितली हो. पण पत्ता नाही, फोन नाही. पैसे पाठवायचे कुणाला?"

मी म्हटलं, "काकू, साइट सिक्युअर आहे." आता हे खरंच होतं. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर 'नॉट सिक्युअर' दाखवतं, आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ते मी लावलंच होतं. पण त्याचा अर्थ इतकाच, की वाटेत कुणी तुमची माहिती वाचणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे का, हे त्यातून कळत नाही. फसव्या साइटलाही ते सर्टिफिकेट मिळतं. म्हणून तर २०२३ मध्ये क्रोमने कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

तेव्हा मला पुणेरी पाट्या आठवल्या. 'आमची कोठेही शाखा नाही.' 'दुकान १ ते ४ बंद राहील.' आपण हसतो, फॉरवर्ड करतो. पण दुकानदार कोण, कधी भेटेल आणि काय करणार नाही, हे त्या पाटीवर आधीच स्पष्ट असतं ना!

त्या रात्री स्लायडर काढला. वर मावशीचं नाव, पत्ता, फोन. ऑनलाइन विकणाऱ्यांनी हे द्यावं आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी, असं २०२० चे ई-कॉमर्स नियमही सांगतात. खाली एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर. तो कुणालाही सरकारी साइटवर तपासता येतो. फोटो मावशीच्याच ओट्यावरचे, माझ्या मोबाइलवर काढलेले. डिलिव्हरीचा खर्च किमतीशेजारीच, शेवटी धक्का नाही.

आणि मावशीने स्वतः सांगितलेली पाटी: 'ऑर्डर वसुबारसेला दुपारी १ वाजता बंद. चकल्या फुटून आल्यास पैसे परत. फोटो त्याच दिवशी पाठवावा.'

दुसऱ्या दिवशी पहिली ऑर्डर त्याच काकूंची आली. भाजणी उरली नाही. मावशी एवढंच म्हणाली, "अरे, सगळं दाखवलंस, मलाच दाखवायचं विसरला होतास!"

तुमच्या घरातल्या कुणाची साइट असेल, तर आज ती मोबाइलवर अनोळखी माणसासारखी उघडा. पत्ता सापडायला किती वेळ लागतो, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!