रोजकीर्द, खतावणी आणि प्रकल्प
(विद्यार्थी व कार्यकर्ता मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी बँकेत कारकुनी करणारा माणूस, पदवी कला शाखेची. मी ‘प्रकल्प व्यवस्थापन’ या विषयावर बोलावे याचे आपल्याला नवल वाटेल. या विषयाकडे मी वळलो तो एका अपयशामुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील तरुणांनी अभ्यासिका बांधायला घेतली. खजिनदार मी होतो. वर्गणी जमली, पाया भरला, कॉलम उभे राहिले. मग कोणीतरी म्हणाले, वर आणखी एक मजला असू द्या. सर्वांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. दोन पावसाळ्यांत उघड्या सळ्या गंजल्या. माझा हिशेब पैशापर्यंत जुळत होता. पण ज्या मुलांसाठी काम काढले, ती परीक्षा देऊन निघूनही गेली.

आमचे चुकले कुठे, हे मला एका चौकटीने शिकवले. अमेरिकेत 1969 साली ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’ ही संस्था निघाली. तिने 1996 साली ‘पीएमबॉक’ नावाचे मार्गदर्शक पुस्तक काढले. त्याच्या 2017 च्या सहाव्या आवृत्तीत 5 गट, 10 विषय आणि 49 प्रक्रिया आहेत. आकडे ऐकून घाबरू नका. आपली रोजकीर्द आणि खतावणी आठवा. सळ्या घेतल्याची नोंद तारखेप्रमाणे रोजकीर्दीत येते आणि तीच खात्याप्रमाणे खतावणीत जाते. व्यवहार एकच, पाहण्याच्या बाजू दोन.

पाच गट ही जणू रोजकीर्द : प्रारंभ, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख व नियंत्रण, आणि समारोप. दहा विषय ही खतावणी : समन्वय, कामाची व्याप्ती, वेळापत्रक, खर्च, दर्जा, साधने व माणसे, संपर्क, जोखीम, खरेदी आणि संबंधित लोक. पाच उभे रकाने, दहा आडव्या ओळी. त्या तक्त्यात 49 प्रक्रिया बसतात. त्यांपैकी 24 एकट्या नियोजनाच्या आहेत. प्रारंभाच्या फक्त दोन : कामाची सनद लिहिणे आणि काम कोणाकोणाशी संबंधित आहे ते ओळखणे.

मात्र उपमा इथे थोडी सोडावी लागते. रोजकीर्दीतील कालचे पान आज बदलत नाही. हे पाच गट मात्र जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. देखरेख पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चालते आणि तिच्यामुळे नियोजनाचे पान पुन्हा पुन्हा उघडावे लागते. मोठ्या कामाच्या प्रत्येक टप्प्यात हे पाचही गट नव्याने येतात. आमचा वाढीव मजला ‘व्याप्ती’च्या खात्यात पडला, खर्च, वेळ आणि जोखीम ही खाती आम्ही उघडलीच नाहीत. एका खात्यातील बदल बाकीच्या नऊ खात्यांत तपासून मगच होकार द्यायचा, हे या चौकटीचे मर्म आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. राजर्षी शाहू छत्रपतींनी भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले. पुढे पैशाअभावी ते अपुरे राहिले. 6 मे 1922 रोजी महाराज गेले. पूर्ण धरण त्यांनी पाहिले नाही. ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. खर्चाचे खाते आटले की वेळापत्रक कसे लांबते, ते इथे दिसते. पण काम कशासाठी, हे स्पष्ट होते : रयतेच्या शेतीला पाणी. म्हणूनच पुढच्या पिढीला ते सोडलेल्या जागेवरून उचलता आले, असे मला वाटते.

2021 च्या सातव्या आवृत्तीत पुस्तकाची मांडणी बदलून 12 तत्त्वांवर भर दिला गेला. तरी नवशिक्याने आधी हा तक्ता समजून घ्यावा, असे माझे मत आहे.

विद्यार्थी मित्रहो, स्नेहसंमेलन असो की परीक्षेची तयारी, हा तक्ता एका वहीच्या पानावर मावतो. आणि कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढचे काम काढाल तेव्हा पहिल्याच बैठकीत एका कागदावर लिहा : काय करायचे, कोणासाठी, किती पैशांत, केव्हापर्यंत, आणि बदलाला होकार कोण देणार. खाली सह्या करा. आम्ही तेवढा एक कागद लिहिला असता, तर आज त्या सळ्यांवर छप्पर असते.