भट्टीत कोळशाच्या सोबतीला कोण?

१८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. तो गॅस बंद भट्टीत दगडी कोळसा तापवून काढलेला. आत ऑक्सिजन नसल्यानं कोळसा जळत नाही, फुटतो. मागे कोक उरतो, वाफा थंड केल्या की डांबर मिळतं आणि बाकीचा गॅस. या क्रियेला पायरोलिसिस म्हणतात.

ऑक्सिजन नाही हे खरं, पण मग भट्टीत असतं काय? पुष्कळदा हे विचारलंच जात नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे.

साधारण चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास कोळशाचे अगडबंब रेणू भराभर तुटू लागतात. या तुकड्यांना मूलक म्हणतात आणि त्यांना स्वस्थता नसते. हायड्रोजनचा अणू मिळाला, तर तुकडा शांत होतो आणि वाफ होऊन निसटतो. पुढं त्याचंच डांबर. नाही मिळाला, तर तुकडे एकमेकांना बिलगतात आणि कोकातच जमा होतात. भोवती नायट्रोजन असेल, तर तो नुसता बघत राहतो. लागणारा हायड्रोजन कोळशालाच पुरवावा लागतो आणि त्याच्याकडे तो वजनाच्या जेमतेम पाच टक्के.

आता दाबाखाली हायड्रोजन सोडा. डांबर वाढतं, हलकं होतं, त्यात बेंझीनसारखी कामाची द्रव्यं येतात. मिथेनही वाढतो आणि बरंचसं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. जर्मनीच्या फ्रीडरिख बर्गियस यांनी प्रचंड दाबाच्या हायड्रोजननं कोळशाचं तेल केलं आणि १९३१ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. शुद्ध हायड्रोजन मात्र महाग. म्हणून कोक भट्टीतला गॅसच पुन्हा वापरून पाहतात. त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजनच असतो. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

कार्बन डायऑक्साइड कमी तापमानाला गप्प असतो. सातशे-आठशे अंशांपुढं तो कोकातला कार्बन खाऊ लागतो, कार्बन मोनॉक्साइड बनतो आणि कोक सच्छिद्र होतो. पाण्याची वाफही तेच करते, शिवाय हायड्रोजन देते. घरच्या पाण्याच्या फिल्टरमधला कोळसाही बहुधा असाच वाफेनं पोखरलेला असतो.

पोलादाच्या झोतभट्टीला मात्र पोखरलेला कोक चालत नाही, वरच्या भारानं त्याचा चुरा होतो. म्हणून कोकचा नमुना आधी ११०० अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात, मग पिंपात घालून गरागरा फिरवतात आणि किती खडे शाबूत राहिले ते तोलून पाहतात.