नकाशावरच्या कोऱ्या जागा



२००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन. २०१४ मध्ये माळीण. २०२१ मध्ये तळिये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दरडींखाली गेलेल्या या गावांची नावे या सभागृहात कोणाला सांगायला नकोत. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे नंतर विधिमंडळात सांगण्यात आले. मला आज बोलायचे आहे ते या एका वाक्याविषयी.

गावांची यादी एका रीतीने बनते, दरडप्रवणतेचा आपला सांख्यिकी नकाशा दुसऱ्या. तरी दोहोंचा मोठा आधार एकच असतो : आजवर दरड कुठे कोसळली, याची आपल्याकडे असलेली नोंद. समजा, ३० ते ४० अंश उताराची जमीन तालुक्याच्या १० टक्के आहे आणि नोंदलेल्या दरडींपैकी ४० टक्के तिथे आहेत. दरडींचा वाटा भागिले जमिनीचा वाटा, म्हणजे वारंवारता गुणोत्तर ४ आले. खडक, मातीची जाडी, ओढ्यापासूनचे अंतर, जमिनीचा वापर यांचीही अशीच गुणोत्तरे काढून बेरीज केली की नकाशा रंगतो. खनिजांच्या शोधासाठी वापरली जाणारी ‘वेट्स ऑफ एव्हिडन्स’ पद्धत आपण दरडींसाठी घेतली, मग लॉजिस्टिक रिग्रेशन आले, आता रँडम फॉरेस्ट. गणित बदलत गेले, पण त्याला खाऊ घालणारी नोंदवही तीच राहिली.

ती भरते कशी, हे जरा नीट पाहू. घाटरस्त्यावर दरड आली की वाहतूक थांबते, जेसीबी येतो, बातमी छापून येते, नोंद होते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीमागे वरकस जमिनीचा तुकडा सरकला, तर पुढच्या पावसाळ्यात त्यावर गवत उगवते आणि तो कोणाच्याच दप्तरात जात नाही. अशा नोंदींवर शिकवलेले प्रारूप रस्त्याजवळची जागा धोक्याची ठरवते. रस्त्यासाठी डोंगर कापल्याने उतार खरोखर कमकुवत होतो, हेही खरे. पण प्रारूपातल्या रस्त्याच्या सहगुणकात डोंगरकापणी किती आणि नोंद ठेवणाऱ्याची सोय किती, हे प्रारूप सांगू शकत नाही. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. तिचे नाव यादीत नसण्याचे कारण तेवढेच होते, असा दावा मी करत नाही. पण पायवाटेवरच्या वाड्या आपल्या विदेत विरळ आहेत, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट अचूकतेची. आरओसी वक्राखालचे क्षेत्रफळ ०.९ आले की आपण समाधानाने निबंध पाठवतो. अभ्यासक्षेत्रात खाडीकाठची सपाट भातखाचरे घेतली, तर हा आकडा फुगतोच. भातखाचरात दरड कोसळत नाही हे कळायला प्रारूप लागत नाही. एकाच दरडीचे शेजारशेजारचे पिक्सेल निम्मे शिकवणीत आणि निम्मे चाचणीत टाकले, तर ती चाचणीच राहत नाही. चुंग आणि फाब्री या संशोधकांनी याबाबत फार पूर्वी सावध केले आहे : जुळणी तपासणे वेगळे, भाकीत तपासणे वेगळे. आपल्याकडे त्यासाठी दुर्दैवाने भरपूर साहित्य आहे. महाड-पोलादपूरचे प्रारूप २००५ पर्यंतच्या दरडींवर बांधा आणि २०२१ च्या दरडींवर तपासा. आकडा खाली येईल. तोच छापा.

दरड सुटते एका जागी आणि माणसे मरतात तिच्या पायथ्याशी, हेही विसरू नये. दगडमातीचा लोंढा कुठवर जाईल हे प्रवणतेचा नकाशा दाखवत नाही. शिवाय भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा राष्ट्रीय नकाशा १ : ५०,००० प्रमाणावर आहे. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर ५० मीटर, आणि अख्खी वाडी चार-पाच मिलिमीटरांत. देशभराचे चित्र एका पद्धतीने उभे करणारे ते मोलाचे काम आहे, पण कोणते घर हलवायचे हे त्यावरून ठरवणे चूक आहे.

मग करायचे काय? पावसाळा सरला की गावोगावी जाऊन विचारायचे. डोंगरमाथ्यावर नवी भेग पडली का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले का, बांध खचला का, हे गुराख्याला आणि पाणी भरणाऱ्या बायांना ठाऊक असते. पोलीस पाटील आणि तलाठी यांच्या मदतीने, छोट्यातली छोटी दरडही तारखेसह आणि जीपीएस स्थानासह नोंदवता येते. हे काम कंटाळवाणे आहे, त्यावर निबंध होत नाही, आणि माझ्या मते आज आपल्या शास्त्राची सर्वांत मोठी निकड तीच आहे.

या परिषदेने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. यापुढे आपण जो प्रवणता-नकाशा प्रसिद्ध करू, त्यासोबत नोंदी कोणत्या वर्षांच्या आहेत आणि कोणत्या गावांत कोणी गेलेच नाही, हे दाखवणारा दुसरा नकाशा जोडलेला असावा. जिथे पाहणी झालेली नाही, ती जागा हिरव्या रंगात, म्हणजे सुरक्षित म्हणून, दाखवू नये. ठरावाचा मसुदा समारोपाच्या सत्रात येईल. सर्व सभासदांनी त्याला पाठिंबा द्यावा.