पिंपरी-चिंचवडचें सत्तांतर

ता. २३ फेब्रुवारी २०१७ रोजीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला. १२८ जागांपैकीं ७७ जागा भारतीय जनता पक्षास मिळाल्या, आणि पंधरा वर्षें अधिकारावर असलेल्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या वांट्यास अवघ्या ३६ आल्या. २०१२ सालीं याच सभागृहांत राष्ट्रवादीचे ८३ सभासद होते व भाजपचे केवळ ३. तीन सभासदांचा पक्ष एकाच निवडणुकींत बहुमताची रेघ ओलांडून इतका पुढें कसा गेला? केवळ पक्षांच्या बलाबलावरून हें कोडें सुटणारें नाहीं. त्या नगराची घडणच पाहिली पाहिजे.

श्रोत्यांपैकीं जे जुन्या पुणें-मुंबई रस्त्यानें गेले असतील त्यांस येथील कारखाने परिचित आहेत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स स्थापन झाली. पुढें टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले. मोरया गोसावींच्या समाधीमुळें विख्यात असलेलें चिंचवड व भोंवतालचीं शेतकरी गांवें १९७० सालीं एका नगरपालिकेंत आलीं व १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. कारखान्यांच्या मालावरील जकातीनें तिची तिजोरी अशी भरली कीं, आशिया खंडांतील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका असा तिचा लौकिक झाला.

परंतु ज्या वेगानें कामगार आले त्या वेगानें घरें झालीं नाहींत. मराठवाड्यांतून, खानदेशांतून आलेल्या कामगारानें शेतकऱ्याकडून अर्धा गुंठा, म्हणजे सुमारें साडेपांचशें चौरस फूट जागा विकत घेतली आणि पोटाला चिमटा घेऊन सांठविलेल्या पैशांतून तीवर दोन खोल्या उभ्या केल्या. परवाना नव्हताच. नळ, रस्ता, दिवा हें सारें नगरसेवकाच्या शब्दानें मिळे. आणि हा नगरसेवक पुष्कळदां जमिनी विकणाऱ्या जुन्या गांवकरी घराण्यांपैकींच असे. मत पडे तें या माणसाला. त्याच्या छातीवरील बिल्ला कोणत्या पक्षाचा, हा विचार मागाहून.

हा शब्दच पुढें लटका पडूं लागला. ता. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर बसला. २०१२ नंतर आयुक्त श्रीकर परदेशी यांच्या कारकीर्दींत पाडापाडीचा बडगा उगारला गेला. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहींच नव्हतें. पण ज्याच्या डोक्यावरील छप्पर जाणार त्याच्या दृष्टीनें पालिकेंत आणि राज्यांत दोन्हीकडे सत्ता असलेला पक्ष आपलें घर वांचवूं शकत नाहीं, एवढेंच सत्य होतें. चिंचवडचे लक्ष्मण जगताप याच प्रश्नावर राष्ट्रवादींतून बाहेर पडले. भोसरीचे महेश लांडगे २०१४ सालीं अपक्ष म्हणून विधानसभेवर गेले व पालिकेच्या निवडणुकीपूर्वीं भाजपकडे आले. त्यांच्यामागून कार्यकर्त्यांची रांग लागली.

यावरून मतदार म्हणजे नेत्यांच्या मागें जाणारा कळप, असा निष्कर्ष काढणें मात्र अन्यायाचें होईल. हेच जगताप २०१४ च्या उन्हाळ्यांत मावळच्या लोकसभेच्या निवडणुकींत शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांच्याकडून पराभूत झाले होते. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत भाजपतर्फे ते चिंचवडांतून निवडून आले. निव्वळ माणूस पुरला नाहीं, आणि २०१२ चे ३ सभासद पाहतां निव्वळ पक्षही पुरत नव्हता. शिवाय २०१७ सालीं प्रभाग दोन सभासदांऐवजीं चार सभासदांचे झाले. २०११ च्या शिरगणतीनें शहराची वस्ती १७ लाखांवर होती. म्हणजे एकेका प्रभागांत सरासरीनें सुमारें ५४ हजार माणसें. एवढ्या प्रभागांत घरोघर ओळख ठेवणाऱ्या एकट्या उमेदवाराचा टिकाव कठीण.

एक गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. मोशींत राहून चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगाराचा रोजगार पालिकेच्या हद्दीबाहेर, खेड तालुक्यांत. हद्दींत त्याचें आहे तें घर. कामगारांच्या नगरींत बहुमत फिरलें तें मजुरीच्या प्रश्नापेक्षां गुंठ्याच्या प्रश्नावर अधिक.

शास्तीकराची सूट प्रथम लहान घरांस मिळाली. थकलेला सर्व शास्तीकर माफ करण्याचा शासननिर्णय निघाला तो मार्च २०२३ मध्यें. तत्पूर्वींच एक वर्ष, २०१७ च्या त्या सभागृहाची मुदत संपून पालिकेवर प्रशासक बसला होता.